तीन नंबर मुका आहे, जी!

मागच्या हिवाळ्यात, तीसहून अधिक वर्षांनी, एटापल्लीला जाण्याचा योग आला. नव्या कादंबरीत तिथला आठवडी बाजार आणायचा होता, आणि केवळ आठवणीवर विसंबून लिहावे इतका भरवसा आता स्वतःच्या स्मरणशक्तीवर राहिलेला नाही. बँकेच्या नोकरीत १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षे मी तिथे काढली. चंद्रपूरमधून १९८२ साली वेगळा निघालेला गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. बदलीचा हुकूम आला तेव्हा नातेवाइकांनी मला जणू परदेशीच निघाल्यासारखा निरोप दिला होता.

आलापल्ली सोडले की दोन्ही बाजूंना सागाचे जंगल लागते, ते अजून आहे. रस्ता मात्र ओळखू येईना. सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज वाहणारे ट्रक एकामागून एक येत होते आणि कडेची झाडे धुळीने लाल झाली होती. आमच्या वेळी दुरून मोटारीचा आवाज आला की शाखेतली माणसे कामे टाकून दारात येत. कोणाची जीप आहे, हे आवाजावरूनच ओळखणारा एक माणूस गावात होता. आज त्याच्याविषयीच सांगायचे आहे.

गावात सगळे त्यांना ‘मिस्त्री’च म्हणत, मीही इथे तेवढेच म्हणतो. मोहाच्या एका झाडाखाली त्यांचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे आणि जमिनीत खणलेला एक खड्डा. पाने, हातोडी, फीलर गेज आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर एवढ्या भांडवलावर ते पंचायत समितीच्या जीपपासून तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांच्या ट्रकपर्यंत सगळे दुरुस्त करीत. मराठी, तेलुगू आणि माडिया या तिन्ही भाषांत गिऱ्हाइकांशी बोलत. त्या स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचे, ही त्यांची पद्धत. निदान चुकल्याचे मला तरी आठवत नाही.

१९९० साली मिस्त्री माझ्या टेबलासमोर कर्जाचा अर्ज घेऊन उभे राहिले. डायनॅमो आणि सेल्फ तपासायचा बाक, बॅटरी चार्जर आणि एक चांगला मीटर, असे मिळून बारा हजार रुपये हवे होते. “पुढं सगळं विजेचंच येणार जी साहेब,” ते म्हणाले. “कानानं किती दिवस भागवायचं?” मी अर्ज वाचला आणि सवयीप्रमाणे उणिवा काढल्या. गावात वीज दिवसाआड जाते, मग बाक चालणार कसा? अनुभवाचा दाखला कुठे आहे? त्याच वर्षी दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली होती आणि नवे कर्ज देताना आम्हा अधिकाऱ्यांचे हात कापत होते. पण खरे कारण वेगळे होते. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात शेळीपालनाचा छापील नमुना माझ्या खणात तयार होता. मीटरचा नमुना नव्हता. मी मिस्त्रींना शेळ्यांचे कर्ज मंजूर केले आणि उद्दिष्टातला एक आकडा पुरा केला.

ही गोष्ट मी पुढे कोणाला सांगितली नाही.

या खेपेस विचारत विचारत गेलो, तर मोहाचे झाड जागेवर होते. खाली सिमेंटचा कोबा आणि रंगवलेली शेड. मिस्त्री बाजेवर बसले होते; पंच्याहत्तरी कधीच उलटली असावी. त्यांनी मला आधी आवाजावरून ओळखले, मग चेहऱ्यावरून. गॅरेज आता मुलगा चालवतो. तो आयटीआय करून पुण्याला गेला, रॅलीच्या मोटारी तयार करणाऱ्या एका गॅरेजात काही वर्षे राबला आणि २०२० च्या टाळेबंदीत गावी परतला तो इथलाच झाला.

शेडमध्ये बॉनेट उघडलेली एक जुनी मारुती जिप्सी उभी होती. १९८५ च्या अखेरीस बाजारात आलेली ही गाडी पोलीस, वनखाते आणि लष्कर यांच्याकडे आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पण आपल्या देशात डोंगरदऱ्यांतल्या मोटार शर्यतींची खरी सोबतीणही तीच. परदेशात जुन्या स्पोर्ट्स कारवर जसे शौकीन जीव टाकतात, तसे आपल्याकडे जिप्सीवर टाकतात. ही जिप्सी नागपूरच्या अशाच एका शौकिनाची होती. पुण्यापासूनच्या ओळखीने त्याने ती टेंपोवर चढवून इथे पाठवली होती. इंजिनावरून वायरींचा एक जुडगा बाहेर काढलेला होता आणि मुलगा त्यातली एकेक वायर मीटरने तपासत होता.

“काय बिघडलंय?” मी विचारले.

“बिघडलं काहीच नव्हतं काका,” तो म्हणाला. “डोकं नवं बसवलं आणि हातापायांना विचारलंच नाही.”

हे वाक्य कळायला मला अर्धा दिवस लागला. मोटारीतले फारसे न कळणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी, मला समजले तसे सांगतो.

जुन्या मोटारीत कार्ब्युरेटर असे. इंजिन हवा ओढी आणि त्या ओढीसरशी पेट्रोल आपोआप त्यात मिसळे. इंजेक्टरच्या गाडीत तसे नाही. पंप पेट्रोल दाबाखाली, साधारण हवेच्या तिप्पट दाबाने, इंजेक्टरच्या तोंडाशी आणून ठेवतो. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी विजेची तोटी. आत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज वाहिली की लोहचुंबक तयार होतो, सुई उचलली जाते आणि फवारा उडतो. किती वेळ उघडायचे ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन सावकाश धडधडत असताना एकेक इंजेक्टर मिनिटाला चारशेच्या आसपास वेळा उघडतो, आणि दर वेळी सेकंदाचे काही हजारांश भाग, बस्स. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर हाच आकडा तीन हजारांवर जातो.

ही कल्पना काही एका दिवसात रुळली नाही. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५८ साली विजेवर चालणारी इंजेक्शनची यंत्रणा मोटारींना बसवून पाहिली. जेमतेम ३५ गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे पुन्हा कार्ब्युरेटरच बसवावे लागले. १९६७ साली जर्मनीच्या बॉशने फोक्सवॅगनच्या गाडीवर ती चालवून दाखवली, तेव्हा कुठे जगाचा विश्वास बसला. हीच बॉश आपल्या नाशिकची. जुन्या नाशिककरांच्या तोंडी अजून ‘मायको’च असलेल्या त्या कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनत आले आहेत. आपल्या घरगुती गाड्यांत इंजेक्टर सर्रास शिरले ते २००० सालाच्या आगेमागे, प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा. जिप्सीचे कार्ब्युरेटरही त्याच सुमारास गेले.

आता त्या नागपूरकराची हकीकत. शर्यतीसाठी त्याला जास्त ताकद हवी होती. म्हणून त्याने कंपनीचा कॉम्प्युटर काढून हवा तसा जुळवता येणारा नवा कॉम्प्युटर घेतला, आणि परदेशातून मोठे इंजेक्टर मागवले. शहरातल्या एका कारागिराने वायरी जोडून दिल्या. गाडी सुरू झाली, दहा मिनिटे चालली, मग दोन सिलिंडर गप्प झाले.

मुलाने मला मीटर हातात दिला. “एका इंजेक्टरचं मोजा.” काटा नव्हता, आकडे होते: २.४ ओहम. मग त्याने खणातून कंपनीचा जुना इंजेक्टर काढला. तो १४ ओहम निघाला. दिसायला दोघे सख्खे भाऊ.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे भागाकार मला जमतो. इंजिन चालू असताना बॅटरीचा दाब साधारण १४ व्होल्ट असतो. १४ ओहमच्या वेटोळ्यातून एक अँपिअर वीज वाहते. २.४ ओहमच्या वेटोळ्यातून सहाच्या जवळपास. शिवाय त्या कारागिराने दोन-दोन इंजेक्टर एकाच वायरीवर जोडले होते. म्हणजे कॉम्प्युटरच्या एका फाटकातून बाराच्या आसपास अँपिअर. फाटक होते दोन अँपिअरच्या बेताचे. ते जळाले.

“म्हणजे नवीन इंजेक्टर वाईट?”

“नाही काका. कमी ओहमचा इंजेक्टर चपळ असतो, झटकन उघडतो. पण त्याला चालवणारा कॉम्प्युटर तसा लागतो. आधी जोराचा झटका द्यायचा आणि उघडला की वीज कमी करून नुसता धरून ठेवायचा, असं काम करणारा. आपल्याकडचा तसा नाही.”

१९९० च्या आसपासच्या होंडाच्या काही गाड्यांत हेच इंजेक्टर होते आणि कंपनीनेच त्यांच्या वाटेत विजेला अडवणाऱ्या रेझिस्टरांची एक डबी बसवली होती, असे त्याने सांगितले. पुढे लोक इंजेक्टर बदलताना ती डबी विसरत, किंवा डबी नको असलेल्या इंजेक्टरांनाही ती तशीच ठेवत. पहिल्या चुकीत कॉम्प्युटर जळतो. दुसरीत इंजेक्टर सुस्तावतात आणि गाडी अडखळते. माझ्यासमोर त्याने प्रत्येक इंजेक्टरसाठी सहा ओहमचा एक, असे चार रेझिस्टर अॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने आवळले. चौघांत मिळून एक लावला तर काय? एका वेळी दोघांनी तोंड उघडले की दोघांचीही उपासमार. आणि ते गरम होतात, म्हणून पट्टी हवेशीर जागी, पेट्रोलच्या नळीपासून लांब.

मग वायरी. इंजेक्टरला दोन वायरी असतात. मला वाटे, कॉम्प्युटर वीज सोडतो आणि इंजेक्टर उघडतो. तसे नाही. एका वायरीत चावी फिरवल्यापासून रिलेमधून वीज येऊन उभीच असते. कॉम्प्युटर दुसरी वायर क्षणभर ‘अर्थ’ला टेकवतो, आणि वाट मोकळी होऊन वीज धावते. हे ज्याला ठाऊक नाही तो कॉम्प्युटरच्या वायरीत थेट बॅटरी जोडतो आणि हजारोंचा माल एका ठिणगीत घालवतो.

जुन्या पद्धतीत इंजेक्टर जोडीने उडत. एकाच्या सिलिंडरचा दरवाजा उघडा असे, दुसऱ्याचा बंद, आणि त्याचे पेट्रोल दाराशी आपली पाळी येईपर्यंत थांबून राही. काम भागत असे. माझदाच्या १९८९ सालच्या मियाटासारख्या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारचे पहिले मॉडेलही असेच जोडीने उडवी. नवा कॉम्प्युटर मात्र प्रत्येकाला त्याच्या वेळेवर हाक मारू शकतो: एक, तीन, चार, दोन या क्रमाने. त्यासाठी जोडवायरी कापून चौघांना चार स्वतंत्र वायरी कॉम्प्युटरपर्यंत न्याव्या लागतात. शिवाय कॅमशाफ्टवर एक सेन्सर लागतो, कारण पिस्टन वर आला की तो पेट्रोल दाबायला आला आहे की धूर बाहेर ढकलायला, हे नुसत्या क्रँकवरून कळत नाही. आणि हे सगळे झाल्यावरही नव्या डोक्याला सांगावे लागते की, बाबा रे, तुझे हे इंजेक्टर हाक मारल्यापासून उघडेपर्यंत इतका वेळ घेतात. बॅटरी उतरलेली असेल तर आणखी जास्त. तो उशीर न कळवता गाडी चालवली तर पेट्रोलचा हिशेब सदा चुकत राहतो.

मी ऐकत होतो आणि मला आमच्या शाखा आठवत होत्या. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा आम्हीही जुन्या खातेवह्या अशाच घाईने जोडल्या होत्या. एकाच नावाची चार माणसे, अंगठ्याचे ठसे, वडिलांच्या नावाऐवजी गावाचे नाव. ते सगळे ज्या शिपायाला तोंडपाठ होते, त्याला कोणी विचारले नव्हते.

त्या नव्या कॉम्प्युटरला आठ इंजेक्टरांची सोय होती, म्हणून जळालेले फाटक सोडून मुलाने दुसरे वापरले. संध्याकाळपर्यंत वायरी कापून, क्रिंप करून, स्लीव्ह चढवून, पट्ट्यांनी बांधून झाल्या. प्रत्येक इंजेक्टर त्याने मीटरवर पुन्हा पाहिला. चौघेही बरोबर. सेल्फ मारला. इंजिन पकडले, पण लंगडत. चारातला एक काम करीत नव्हता. मुलाने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिले. पडदा म्हणत होता की चौघांनाही हाक जाते आहे.

बाजेवरून मिस्त्री उठले. कोपऱ्यातला तोच लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, मूठ मुळातली राहिलेली नव्हती, पण टोक तेच. पहिल्या इंजेक्टरवर टेकवून त्यांनी डोळे मिटले. मग दुसरा. तिसऱ्यावर जरा जास्त थांबले.

“तीन नंबर मुका आहे, जी,” ते म्हणाले. “बाकीचे टिकटिक करतात.”

मुलाने इंजिन बंद करून तीन नंबरचा कपलर काढला. आतली एक पिन बांधाबांधीत मागे सरकली होती. इंजेक्टर ठीक होता, कॉम्प्युटर ठीक होता, मधला हात सुटला होता. मीटर इंजेक्टरवर लावला होता, कपलरमधून नव्हे, म्हणून चूक दिसली नाही. पिन पुढे ढकलून बसवली, पुन्हा सेल्फ मारला, आणि जिप्सी एका लयीत धडधडू लागली. मुलाने वडिलांकडे पाहिले नाही. नुसता स्क्रूड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला. मला ते पुरेसे वाटले.

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा षौक. शर्यतीच्या गाड्यांशी एटापल्लीचा काय संबंध? हाच प्रश्न मी मुलाला विचारला. त्याने शेडबाहेर बोट दाखवले. सात-आठ मोटरसायकली उभ्या होत्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम आले आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर गेले. आज गट्ट्याच्या किंवा कसनसूरच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर पोराला ताप आला तर त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणतात. त्या मोटरसायकलीलाही एक इंजेक्टर आहे, एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि पावसात गंज धरणारा एक कपलर आहे. कार्ब्युरेटर असता तर रस्त्यात कोणीही जेट फुंकून साफ केला असता. आता फुंकून भागत नाही. कंपनीचे सर्व्हिस सेंटर लांब, आणि तिथे ‘कॉम्प्युटर बदला’ हे पहिले उत्तर.

“दहातल्या सातांचा कॉम्प्युटर ठणठणीत असतो काका,” मुलगा म्हणाला. “वायर तुटलेली असते नाहीतर अर्थ सुटलेला. जिप्सीवर जे शिकलो तेच हिच्यावर चालतं. फक्त चाराऐवजी एक.” जिप्सीच्या कामाचे पैसे बरे मिळतात, त्यातून त्याने स्कॅनर घेतला. पाड्यावरून येणाऱ्या गाडीचे तपासणीचे पैसे तो घेत नाही. हाताखाली दोन माडिया पोरे शिकतात. त्यांना तो पहिल्या दिवशी एकच नियम सांगतो: आधी मोजा, मग जोडा. आणि इंजिनात मोठा फेरबदल करायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी आणा, हे तो शौकिनांनाही तोंडावर सांगतो.

निघताना माझ्याने राहवेना. मिस्त्रींजवळ बसून म्हणालो, “नव्वद साली तुमचा मीटरचा अर्ज मी परत केला होता. आठवतं?”

“आठवतं की जी. शेळ्या दिल्या तुम्ही.”

“त्यांचं काय झालं?”

“दोन बिबट्यानं नेल्या. बाकीच्या वर्षभरात गेल्या, काही रोगानं, काही पाहुण्यांत.” ते हसले. “हप्ते मात्र पान्यानंच फेडले.”

मला आठवले. कर्ज वेळेवर फिटल्यामुळे मी वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मिस्त्रींचे प्रकरण ‘यशस्वी शेळीपालन’ म्हणून दाखवले होते. माझ्या नोंदवहीत सगळे आकडे बरोबर होते. मी मोजले होते, पण भलत्याच टोकाला. तेव्हा तो मीटर मिळाला असता, तर मुलाला हे शिकायला पुण्याला जावे लागले असते का? कदाचित लागलेच असते. पण या झाडाखाली वायरीचे काम तीस वर्षे आधी सुरू झाले असते, आणि पावसात अडकलेल्या किती गाड्या त्या तीस वर्षांत वेळेवर पोचल्या असत्या, त्याचा हिशेब कुठल्याच खातेवहीत निघायचा नाही.

मी गाडीत बसलो. चालकाने चावी फिरवली तसे मिस्त्रींनी मान किंचित तिरकी केली, कान बॉनेटकडे.

“ठीक आहे जी,” ते म्हणाले. “जा आता.”